जिन्याचं पांढरं औषध

पाच मजले, अठ्ठ्याण्णव पायऱ्या आणि दर मजल्यावर चार दारं. एवढा पसारा जिनेवाल्या मावशी गेली बावीस वर्षं रोज पुसत होत्या. नवरा अचानक गेला तेव्हा घर-कचेरीने त्याच्या जागी त्यांना झाडूवर घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर त्यांच्या नावावर केलं. इमारत सरकारी. ज्याची कमाई बेताची त्यालाच इथे घर मिळायचं. भाडं कमाईच्या मानाने ठरायचं, उरलेला भार कचेरी उचलायची. बाहेर त्या भाड्यात एक खोलीसुद्धा कुणी दाखवली नसती, त्यामुळे इथलं दार एकदा उघडलं की माणसं ते जिवापाड धरून ठेवायची.

कचेरीचा नियम सरळ होता. प्रत्येक घराची एक रहिवासी यादी. यादीत नाव असेल त्याने राहायचं. पाहुण्याने वर्षातून चौदा रात्री राहावं, पंधराव्या रात्री तो पाहुणा राहत नाही, गुन्हा होतो. आणि गुन्हा माणसाचा नाही, घराचा. घरच जातं.

पण नियम सरळ असला तरी माणसाचं आयुष्य कुठे सरळ असतं? कुणाची नात शिकायला येते, कुणाच्या भावाचं काम सुटतं. पंचवीसातली आठ-नऊ घरं अशीच एका जादा माणसाची होती. (दारं वीसच, पण तळमजल्यावर पाच टपऱ्यांएवढी घरं होती, ती जिन्याच्या हिशोबात कुणी धरायचं नाही.) मावशींना ती सगळी माहीत होती, आणि त्यासाठी त्यांना कुणाच्या दाराला कान लावावा लागला नव्हता. ओला जिना त्यांना सगळं सांगायचा.

पुसलेल्या पायरीवरचं पाऊल मावशी वर्तमानपत्रासारखं वाचायच्या. चौथ्या मजल्यावरच्या नर्सबाईंचे नुसते चवडेच उमटलेत, म्हणजे आज उशीर झाला, पळत गेल्या. पाचव्या मजल्यावरच्या ड्रायव्हरच्या बायकोची चप्पल कोरी दिसतेय, म्हणजे नवरा-बायकोचं बोलणं पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपी आजोबांची काठी आज दर पायरीला टेकलीय, म्हणजे गुडघा सुजलाय. मग मावशी दुपारी जाऊन म्हणायच्या, "आजोबा, शेक घेतला का?" आणि आजोबा म्हणायचे, "तुम्ही आमच्या घरात आरसा लावलाय की काय?"

आधीचे तपासनीस ढेकरसाहेब. आठवडाभर आधी नोटीस लावून यायचे, पाचव्या मजल्यापासून खाली उतरायचे, दर मजल्यावर चहा घ्यायचे आणि ढेकर देऊन सही करायचे. वरची घरं बघून झाली की खालच्यांची जादा अंथरुणं मागच्या जिन्याने वर चढायची. एका वर्षी वेळ चुकली आणि एकच गुलाबी गादी त्यांनी दोन मजल्यांवर पाहिली. "ह्या इमारतीला गुलाबी रंगाची फार हौस," एवढंच म्हणून ते पुढे गेले होते.

ते निवृत्त झाले आणि मऊसाहेब आले.

हे नाव ड्रायव्हरच्या बायकोने ठेवलं. रबरी तळव्यांचे बूट, आवाज न होणारं चालणं आणि बोलणंही तसंच. पहिल्याच दिवशी ते मावशींच्या बादलीशेजारी पायरीवर बसले. कचेरीतला माणूस पायरीवर बसलेला मावशींनी बावीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी घरून चहा आणला.

"जिना फार सुंदर ठेवता मावशी," मऊसाहेब म्हणाले. "आरशासारखा."

बावीस वर्षांत हेही कुणी म्हटलं नव्हतं. मावशींना आतून भरून आलं. माणूस कौतुकाला किती हपापलेला असतो ते त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. त्या बोलायला लागल्या आणि बोलतच राहिल्या.

"नुसता सुंदर नाही साहेब, हा जिना बोलतो. आता हे बघा. ही चप्पल बाईची, आणि पिशवी उजव्या हातात होती, कारण उजवं पाऊल खोल आहे. आणि हा बघा, ह्याचा पाय दुखतोय."

"ते कशावरून?"

"दुखरा पाय हलका पडतो. टाच उमटतच नाही, नुसता फरकाटा उठतो. सोंग करणाऱ्याचं उलटं. शाळा बुडवायची म्हणून लंगडणारी पोरं तोच पाय जोरात आपटतात." मावशी हसल्या. मऊसाहेबही हसले. कप विसळून द्यायला ते स्वतः उठले.

पंधरा दिवसांनी कचेरीतून एक कॅन आला. आत दुधासारखं पांढरं औषध. बादलीभर पाण्यात दोन झाकणं टाकायची, आणि सहाला खालचं फाटक उघडण्याआधी सगळा जिना पुसून मोकळा करायचा, असा कागद सोबत होता. एरवी मावशी दहाला पुसायच्या. पण कचेरीचा कागद म्हणजे कागद. त्या पाचला उठायला लागल्या.

औषधाला वास चांगला होता. वाळलं की पायरीवर एक पातळ, मंद साय धरायची आणि तिच्यावर पडलेलं पाऊल दुपारपर्यंत तसंच राहायचं. पहिले दोन दिवस मावशींना बरं वाटलं. वाचायला सोपं. तिसऱ्या दिवशी आठच्या सुमाराला त्या कचऱ्याची पिशवी घेऊन वर गेल्या, तर पाचव्या मजल्यावर मऊसाहेब उकिडवे बसले होते. एका दारासमोर. हातात मोबाइल. पायरीवर मोजपट्टी आडवी ठेवलेली.

"या मावशी," ते हळू आवाजात म्हणाले. "दोन नावं यादीत आहेत. सकाळी उतरले तीन. बरोबर ना?"

दार ड्रायव्हरचं होतं. तिसरा त्याचा मेहुणा. मावशींच्या हातातली पिशवी पायरीला लागून खरखरली.

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या.

"असं कसं? मी तर तुमच्याकडूनच शिकलो."

आठ दिवसांत ड्रायव्हरच्या दारावर पत्र चिकटलं. त्याच्या बायकोने जिन्यात उभं राहून ते दोनदा वाचलं. "फोटो आहे म्हणे कचेरीकडे. कसला फोटो? मेला कॅमेरा कुठे लपवलाय ते तरी सांगा." ती भिंतीचे कोपरे बघत राहिली. पायाखाली कुणीच बघत नव्हतं. मावशी खाली मान घालून फडकं पिळत होत्या.

आता सांगायलाच हवं की मावशींच्या घराच्या यादीत एकच नाव होतं आणि घरात दोघी राहत होत्या.

दुसरी त्यांची धाकटी बहीण. तिचंही असंच कचेरीचं घर होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिच्या नवऱ्याने गुपचूप एक खोली परक्याला भाड्याने दिली आणि भानगड उघड होताच स्वतः पसार झाला. घर गेलं. वर पाच वर्षं तिचं नाव कुठल्याच यादीत लागायचं नाही, असा शिक्का बसला. म्हणजे मावशींनी अर्ज करायची सोयही नव्हती. अर्ज केला की ती इथे आहे हे कळणार. सात महिने झाले, ती मावशींकडे होती आणि एका लाँड्रीत इस्त्री करायला जात होती. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय बारीक राहिला होता. ती चालली की पाऊल आणि फरकाटा, पाऊल आणि फरकाटा.

"ताई, मी जाते कुठेतरी," पत्र लागलं त्या संध्याकाळी धाकटी म्हणाली.

"कुठे जाशील?"

"लाँड्रीत मागे एक बाकडं आहे."

"बाकड्यावर झोपायला तुला मी ताप उतरेपर्यंत मांडीवर घेतलं होतं का?"

"तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझी मांडी तरी केवढी होती."

दोघी हसल्या, पण हसू दारापर्यंत गेलं नाही. हळू बोलायची सवय एव्हाना दोघींना लागली होती. मग मावशींनी सगळ्या वाटा मोजल्या. फाटकाला सहापर्यंत कुलूप, त्यामुळे जिना ओला व्हायच्या आत धाकटीला बाहेर पडता येत नव्हतं. तिसरा मजला पुसायचाच नाही म्हटलं, तर एकच कोरडा मजला सगळ्यात मोठ्याने ओरडला असता. मागच्या जिन्याला मऊसाहेबांनी आल्याआल्याच कुलूप घातलं होतं.

"मग तो फरकाटा माझाच," मावशी म्हणाल्या.

त्यांनी बाजारातून एकसारख्या चपलांचे दोन जोड आणले. बाहेरच्या खोलीत धाकटीने त्यांना लंगडायला शिकवलं. "गुडघा नको वाकवूस, कमरेतून ओढ. ताई, तू लंगडत नाहीयेस, तू नाचतेयस." दुसऱ्या दिवसापासून मावशी जिन्यात लंगडू लागल्या. आधी स्वतः चार वेळा खालीवर करायच्या, मग धाकटी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवून उतरायची. नर्सबाईंनी विचारलं, त्यांना "वात" म्हणून सांगितलं. त्यांनी मलम आणून दिलं. खोटेपणाला मिळालेलं ते मलम मावशींनी फळीवर मागे सारून ठेवलं.

पाचव्या दिवशी मऊसाहेब तिसऱ्या मजल्यावर थांबले. मावशी कठडा पुसत होत्या.

"पाय कधीपासून दुखतोय?"

"झाले बरेच दिवस."

"चालून दाखवता?"

मावशी चालल्या. पाच पायऱ्या खाली, पाच वर. मऊसाहेब उकिडवे बसले आणि त्यांनी बोटाने, न पुसता, वरच्यावर एका पावलाभोवती गोल काढला.

"हे तुमचं. टाच स्पष्ट उमटलीय, आणि जोरात." बोट दोन वीत सरकलं. "आणि हे दुसरं. इथे टाच नाहीच. नुसता फरकाटा." त्यांनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, उलट शिकवल्याबद्दल आभार मानावेत तसा भाव होता. "दुखरा पाय हलका पडतो. तुम्हीच म्हणाला होतात."

दाराच्या आत, चार हातांवर, धाकटी झोपली होती; त्या दिवशी ती ताप भरल्याने खालपर्यंत उतरून परत आली होती. मऊसाहेबांनी दाराकडे एकदाच बघितलं.

"घाबरू नका मावशी. तुमच्यासारखं काम करणारं माणूस मला कुठे मिळणार? तिसऱ्या मजल्याचे फोटो मी काढत नाही. बाकीचा जिना मात्र असाच राहू द्या. रोज. सहाच्या आत." ते उठले, गुडघे झटकले आणि खाली उतरले. पावलांच्या बाजूबाजूने, एकही न मोडता.

आणि मावशींनी ते मान्य केलं. हो म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पाचला बादलीत दोन झाकणं टाकली, तेच हो होतं. पुढचे दहा दिवस त्या रोज टाकत राहिल्या. धाकटी कामाला जात होती, येत होती. तिच्या फरकाट्यावरून मऊसाहेब खरंच नजर वळवून जायचे. ड्रायव्हरचा मेहुणा एका रविवारी गाठोडं घेऊन गेला, कुठे ते कुणी विचारलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने सासूला दूरच्या आश्रमात ठेवलं. जिन्यातलं बोलणं बंद झालं. एकमेकांवर संशय घेत माणसं दारं आवाज न करता लावू लागली. मावशींचा लंगडेपणा सुटला होता, तरी तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अकराव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, शिंपी आजोबा काठी टेकत तिसरा मजला चढून आले. हातात पत्र.

"चष्म्याची काच तडकलीय. जरा वाचा."

मावशींनी वाचलं. यादीबाहेरची एक तरुण व्यक्ती आढळली आहे. दहा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा घर रिकामं करावं. खाली फोटो. कॅनव्हासच्या बुटांचं लहान पाऊल, सायीवर लख्ख उमटलेलं, आणि शेजारी मोजपट्टी.

"माझ्या नातीचा बूट आहे हा," आजोबा फोटो डोळ्यांजवळ नेत म्हणाले. "परीक्षा तीन महिन्यांवर आलीय हो तिची. तुम्ही कचेरीचं माणूस. साहेबांशी तुमचं बोलणं आहे. एक शब्द टाका की माझ्यासाठी."

आजोबांनीच पूर्वी मावशींच्या नवऱ्याच्या जुन्या कोटाचं त्यांना जाकीट करून दिलं होतं, शिलाई न घेता. ते जाकीट ह्या क्षणी मावशींच्या अंगात होतं.

"आजोबा, बसा," त्या म्हणाल्या. "हा फोटो माझ्यामुळे निघालाय."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. चहा, कौतुक, औषध, तिसरा मजला. आतल्या खोलीच्या दारात धाकटी येऊन उभी राहिली, लपायचं सोडून. आजोबा काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले.

"बोललात ते बरं केलंत," शेवटी ते म्हणाले. "आधी बोलला असतात तर आणखी बरं झालं असतं." आणि पाणीसुद्धा न घेता उठले. ते उतरताना काठीचा आवाज त्यांच्या दारापर्यंत गेला नाही. अलीकडेच, दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचं दार त्यांनी वाजवलं.

मंगळवारी मावशींनी नेहमीप्रमाणे पाचला जिना पुसला. सहाला फाटक उघडलं, माणसं उतरली, आजोबांची नात उतरली, धाकटी उतरली. सातला शेवटचं पाऊल पडल्यावर मावशींनी साधं पाणी घेतलं आणि पाचव्या मजल्यावरून ओतायला सुरुवात केली. औषधाची साय हट्टी होती. एका बादलीत चार पायऱ्या निघायच्या, जेमतेम. पंचवीस बादल्या लागल्या. आठला मऊसाहेब आले तेव्हा जिना स्वच्छ, ओला आणि मुका होता.

ते पहिल्या पायरीशी थांबले. खालून वर बघत राहिले.

"धुतलात?"

"दूध सांडलं कुणाचं तरी. वास मारत होता."

"पाचही मजल्यांवर?"

"दुधाचं काय, उतारावर पसरतं."

मऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातली मोजपट्टी काढली, बोटाभोवती गुंडाळली आणि परत ठेवली.

"उद्याही सांडेल का?"

मावशींनी रिकामी बादली उपडी घातली.

"तिसऱ्या मजल्याचं आपलं ठरलं होतं, ते आता राहिलं नाही, एवढं लक्षात असू द्या." आवाज तसाच, कापसासारखा. निघता निघता ते वळले. "गुरुवारी टाकी साफ करतात ना इथे? सकाळी सहापासून पाणी बंद. मी गुरुवारी येतो. तुमच्या दारापासूनच सुरू करू."

बुधवारीही मावशींनी जिना धुतला. मऊसाहेब आलेच नाहीत. त्यांना यायची गरज नव्हती.

बुधवारी दुपारी चारला मावशींनी नळ सोडला. घरात पिंप एकच होतं. ते भरलं, मग बादल्या, मग पातेली, मग किटली, मग बरण्या रिकाम्या करून त्याही. धाकटी लाँड्रीतून येताना कपडे भिजवायचा मोठा टब डोक्यावर घेऊन आली. "मालकाला सांगितलं, ताईकडे कार्य आहे," ती म्हणाली. भांडी ओट्यावर मावेनात, ती जमिनीवर ओळीने आली, मग खाटेखाली गेली.

"किती झाल्या?" धाकटीने विचारलं.

"धरून चौदा बादल्यांचं."

"पंचवीस लागतात."

"मोजता येतं मला."

तेवढ्यात मावशींचा हात थांबला. भिंतीतल्या नळीतून आवाज येत होता. वरच्या घरातला नळ वाहत होता, बारीक नाही, पूर्ण सोडलेला. त्याच्याही वरचा. मग खालून, आजोबांच्या बाजूने, रिकाम्या पिंपात पाणी पडल्याचा घुमारा. एरवी ह्या वेळेला अख्ख्या इमारतीत चुळीचासुद्धा आवाज यायचा नाही. दोघी बहिणी भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी नळ दोनदा खोकला. धार बारीक झाली, मग थेंबावर आली, मग थांबली. मावशींनी तोटी पुरती फिरवून पाहिली. वरचा आवाज बंद झाला होता. खालचाही. पाणी उद्या सकाळी सहाला जायचं होतं, आज संध्याकाळी नाही.

धाकटी खिडकीशी गेली आणि खाली बघून मागे सरली. "टाकीच्या खोलीचं दार उघडं आहे," ती म्हणाली. "आत दिवा लागलाय."

मावशींनी भरलेल्या भांड्यांवर एक एक ताट झाकण म्हणून ठेवलं. ताटं संपल्यावर वर्तमानपत्राचे कागद ठेवले. मग दाराबाहेर काहीतरी ठेवल्याचा जड आवाज झाला. त्यांनी दार किलकिलं केलं. उंबऱ्याशी पाण्याने काठोकाठ भरलेलं एक पिंप होतं आणि त्याच्या कडेवर टाचणीने लावलेली कापडाची चिंधी, शिंप्याच्या दुकानात मापाला लावतात तशी. तिच्यावर खडूने लिहिलं होतं: दुसरा मजला.

जिना रिकामा होता. मावशींनी वाकून, सवयीने, पिंपातून सांडलेल्या पाण्याने ओल्या झालेल्या पायऱ्यांकडे पाहिलं. काठीच्या खुणा होत्या, कॅनव्हासच्या बुटांच्या होत्या, आणखी दोघांच्या चपलांच्याही होत्या. आणि त्यांच्या बाजूबाजूने, एकही न मोडता, एक रबरी तळव्याचं पाऊल मावशींच्या दारावरून पुढे वर गेलं होतं. खाली आलेलं नव्हतं.

त्यांनी पिंप आत ओढून घेतलं आणि दार लावलं.